दोरापाशी बसवलेली पोरं

आमच्या घरात जेवायला हाक मारत नाहीत. भात झाला की चुलीपाशी पितळेच्या ताटलीवर पळी आपटतात, तीन वेळा, आणि ज्याला ऐकू येईल तो हातपाय धुऊन येतो. वावरात गेलेल्या माणसाला बोलवायचं तर कोणीतरी चालत जाऊन सांगतं. सून नवी आली तेव्हा तिला हा येडेपणा वाटला होता. "बाबाजी, आवाज देला तं का होते?" असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, पळी वाजव. तिची सासू, म्हणजे माझी बायको तुळसा, तिथंच तांदूळ पाखडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, सूप थांबवलं नाही. सूनबाई समजली की इथं विचारायचं नसतं. आता तुळसा नाही, माघात गेली. पळी सून वाजवते, तिचा हात हलका आहे, दोन वेळाच वाजवते. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. नातीनं वही आणून दिली आणि म्हणाली, "आबा, बसल्या बसल्या लिवा." म्हणून लिहितो. तुळसा असती तर हे लिहिलं नसतं. तिला वाचता येत नव्हतं, तरी लिहिलं नसतं.

अर्जुनी मोरगावच्या अंगाला आमचं गाव, मध्ये तलाव, आणि तलावाच्या त्या बाजूला दुसरं गाव. दोन्ही गावांना कागदावर नावं होती, पण आम्ही आल्याड आणि पल्याड एवढंच म्हणायचो. पाणी एवढं रुंद की पल्याडच्या काठावरचा माणूस बाई की बुवा ते कळायचं, तोंड कळायचं नाही. आवाज मात्र सगळा यायचा. सांजच्या वेळी वारा पडला की पल्याडची एखादी सासू सुनेला शिव्या घालायला लागली तर आमच्याकडच्या बाया घागरी खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या आणि मध्येच हसायच्या, तर तिकडची सासू ते हसणं ऐकून आणखी चढायची. आमच्या घरात बा, माय आणि मी. माझ्या मागचे दोघं जगले नाहीत. मातीचं घर, अंगणात धान साठवायची ढोली, घरभर कोंड्याचा वास. सकाळी रात्रीच्या भाताची बासी, मिठाचा खडा आणि कांदा. दुपारी भात, लाखोळीचं वरण, झिंग्याची चटणी. चिंच घातलेलं वरण मायच्या हातचं असं व्हायचं की आज नुसतं लिहिताना तोंडाला पाणी सुटतं. बाजूच्या घरातून कोणी एक शब्द बोलला तरी आमच्या घरात ऐकू यायचा, आणि बा बोलला की चार घरांना.

बाचा आवाज हीच बाची इस्टेट होती. धान कापून झालं, मळणी संपली की आमच्या भागात पट लागतात, बैलांच्या शर्यती. मोकळ्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधून, दोन सारख्या वाटा काढायच्या, दोन्हीकडून दोर बांधायचा, आणि दोन गावांच्या दोन जोड्या हलक्या छकड्यांना जुंपून एकदम सोडायच्या. जी जोडी मोहाच्या झाडापलीकडची झेंडी आधी ओलांडेल ती जिंकली. आमच्या गावची पटाची जोडी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, होती. आमच्याकडे नांगराचे दोन म्हातारे बैल होते, ते पटात धावले असते तर झेंडीजवळ पोहोचायला दिवस लागला असता. पण बाला बैलांशी देणंघेणं नव्हतं. तो दोराला छाती लावून उभा राहायचा आणि समोरच्या धुरकऱ्याला, म्हणजे छकडा हाकणाऱ्याला, असं काही बोलायचा की त्याचा हात चळावा. त्याची माय, त्याची बहीण, त्याच्या पोरीचं अडलेलं लग्न, त्याच्या अंगावरचा कोडाचा डाग, सगळं बाला आधीपासून माहीत असायचं. कोणाच्या घरात काय दुखतं ते तो वर्षभर बाजारात विचारून ठेवायचा. लोक मुद्दाम त्याच्या बाजूला जागा धरायचे. मालगुजार माडीवाल्या मंडपातून बोट करून पाहुण्यांना सांगायचा, हा आमचा भोंगा. बाला ते फार गोड लागायचं.

मी आठ वर्षांचा असताना बानं शर्यत ऐन रंगात आली तेव्हा डोक्याचा दुपट्टा सोडून समोरच्या बैलांच्या तोंडावर फेकलं. बैल उधळले, पण पंचांनी बघितलं. पटाचा नेम असा की मोठ्या माणसानं बैल किंवा धुरकरी बुजवला, हातानं की तोंडानं, तर त्याच्या गावची जोडी बाद; नुसत्या बोलण्याकडे पंच तोवर कानाडोळा करत, त्या दिवसापासून तेही बंद झालं. मालगुजाराची जोडी बाद झाली. मालगुजारानं बाला मंडपापुढे बोलावलं. मी बाच्या धोतराला धरून होतो. तो म्हणाला, "पुढच्या पटाले तोंड नोको आणजो. शेणाची टोपली घेऊन येजो. आमच्या बैलामागं फिर." सगळे हसले. वर्षभर बा कुठंही दिसला की लोक विचारायचे, "टोपली घेतली का गा?" नदीवर, लग्नात, मयतीतसुद्धा. बा ऐकून घ्यायचा आणि घरी येऊन मायला मारायचा.

पण त्या नेमात एक भोक होतं आणि ते सगळ्या गावांना ठाऊक होतं. लेकराच्या तोंडाला दंड नाही, असं पंच मानत. लेकरू आहे, त्याला काय समजतं, ते घाबरून ओरडलं की मुद्दाम, कोण सांगणार? म्हणून गावोगावची माणसं पोरं घेऊन पटाला यायची. बाहेरच्या माणसाला वाटायचं, किती हौशी बाप आहेत, लेकरांना खांद्यावर घेऊन खेळ दाखवायला आणतात. मोहाच्या झाडाखाली दोराला चिकटून पोरांची रांग बसवायची, हातात मुरमुरे आणि गुळाचा खडा, आणि मागं बाप उभे, तोंड मिटून. बापानं पाठीला बोट लावलं की पोरानं सुरू व्हायचं. चार-पाच वर्षांची लेकरं आया-बहिणींवरून अशा शिव्या द्यायची की त्यातल्या निम्म्या शिव्यांचा अर्थ मला लग्न झाल्यावर कळला. जो पोरगा रडायचा त्याला घरी नेऊन झोडपायचे.

पल्याडचा धुरकरी सुकराम. त्याची पांढरी जोडी तीन सालं कोणी हरवली नव्हती. बाकीचे धुरकरी खिळा लावलेल्या काठीनं, तुतारीनं, बैलांचे पुठ्ठे रक्ताळायचे, शेपटी दातानं चावायचे, जुंपण्याआधी बैलांना दारू पाजायचे. सुकराम तुतारी घेतच नव्हता. जिभेनं टकटक करायचा, बस. त्याला कितीही शिव्या द्या, मान वळायची नाही. बानं सांगितलेलं आठवतं, "त्याच्या कानात मेण हाय." त्याच सालच्या पावसाळ्यानंतर सुकरामची बायको तलावात बुडाली. धुणं धुवायला गेली, पाय घसरला. दोन दिवसांनी आमच्या बाजूला निघाली, आमच्याच माणसांनी काढली. मागं पाच वर्षांची एक पोरगी राहिली. त्या बाईला आम्ही तोंडानं ओळखत नव्हतो, आवाजानं ओळखत होतो. ती रोज दिवस बुडायच्या वेळेला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येऊन वावरातल्या नवऱ्याला जेवायला हाक मारायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून पोरीच्या नावानं. "तुळसाच्या बा होऽऽ, भात निवून रायला जीऽऽ." शेवटचा 'जी' ती वर नेऊन मग खाली सोडायची. आमच्याकडची ढोरं त्या आवाजावर गोठ्याकडे वळायची. ती मेल्यावर आल्याडच्या कितीतरी बायांना सांज झाल्याचं कळेना, हे मी माझ्या मायच्या तोंडून ऐकलेलं आहे.

बाला हे सुचलं ते जेवताना. तो घास हातात धरून थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मार बरं ती हाक. सुकरामच्या बायकोची." मी मारली. पोरांत आम्ही तशी नक्कल करायचोच. बानं घास खाली ठेवला. "आणखी मार. तो 'जी' वर ने." मायच्या हातातली पळी वरणात तशीच राहिली. ती म्हणाली, "मेलेल्या बाईचा शब्द लेकराच्या तोंडात काऊन घालून रायले जी? तिचं लेकरू हाय तिकडं."

"तू भात वाढ."

"पाण्यातून काढताना मी पायलं तिले. केसात शेवाळ होतं तिच्या."

"भात वाढ म्हणलं ना तुले!"

तिनं वाढला. त्यानंतर दीड महिना रोज सांजेला बा मला ढोलीमागं उभं करून हाक मारायला लावायचा. चुकलो की मानेवर थापट. "मेल्या मांजरावानी काऊन कुथून रायला बे? बाई हाय ती, नवऱ्याले बलावते, पोटातून ये!" बरोबर आली की खिशातून गुळाचा खडा. मला सांगायला लाज वाटते पण खोटं कायले लिहू, ते दिवस मला फार आवडले होते. बानं तोवर माझ्याकडे कधी एवढा वेळ बघितलं नव्हतं. रात्री तो मला अंगाशी घेऊन निजायला लागला. घसा बसू नये म्हणून माझ्या गळ्याला स्वतःचा दुपट्टा गुंडाळायचा. मायला मारणंही थांबलं होतं.

पटाच्या चार दिवस आधी तो मला पाळीवर घेऊन गेला. दिवस बुडत होता, वारा नव्हता. म्हणाला, "आता मोठ्यानं. पाण्यावरून जाऊ दे." मी मारली. तिकडे एका घरातून काहीतरी बारकं बाहेर आलं आणि पळत पाण्यापर्यंत आलं. तोंड दिसत नव्हतं, एवढुसं लेकरू आहे तेवढं दिसत होतं. काठावर येऊन उभं राहिलं. बानं माझा खांदा दाबला. "आणखी एक." मी आणखी एक मारली. ते लेकरू पाण्यात उतरलं, गुडघ्यापर्यंत. मग मागून कोणीतरी माणूस धावत आला आणि त्याला उचलून घेऊन गेला. बा हसला नाही. एखाद्या सुतारानं चाक ठोकून बघावं तशी मान हलवली आणि म्हणाला, "बसली. बरोबर बसली."

परवाची गोष्ट सांगतो. गावातल्या पोरांचे क्रिकेटचे सामने होते. माझा मुलगा चार वर्षांच्या नातवाला खांद्यावर घेऊन गेला. परत आला तो हसत हसत, मोबाईलमध्ये शूटिंग करून आणलं होतं. नातू बॉलर पोराला आईवरून शिवी देतो आणि मागं सगळी मोठी माणसं टाळ्या वाजवतात. मी म्हटलं, हे काय शिकवून रायला तू त्याले? तर मुलगा म्हणतो, "बाबा, लेकरू हाय. त्याले का समजते?" मी उठून बाहेर आलो. त्याला काय सांगायचं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. इथं लिहून ठेवतो.

पटाच्या दिवशी मायनं पहाटे उठून गुलगुले तळले, पाहुणे येणार म्हणून. मला दिला नाही. बानं स्वतः चार घेऊन माझ्या दुपट्ट्यात बांधले. मी त्याच्या खांद्यावर बसून गेलो. वाटेत एकानं विचारलं, "टोपली नाई आणली का गा?" तर बानं वर माझ्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "आणली. हे काय, डोक्यावर हाय." गर्दी एवढी की बांध्या दिसत नव्हत्या. चहाची, जिलबीची, बांगड्यांची दुकानं, बैलांच्या घुंगरांचा आवाज, दारूचा आणि शेणाचा वास. मी दोरापाशी बसलो. बाजूला माझ्यासारखेच दहा-बारा टुरे. बा माझ्या मागं हात पाठीशी बांधून उभा राहिला, देवळात उभा राहावा तसा.

मालगुजाराची जोडी आणि सुकरामची जोडी शेवटी लागली. सुटायची झेंडी पडली. दोन्ही छकडे धुरळ्यातून आमच्याकडे यायला लागले. सुकरामचे पांढरे बैल हातभर पुढे होते, मग दोन हात. बाकीच्या पोरांनी शिव्या सुरू केल्या, बायकोवरूनच, "सुकऱ्या, तुही बायको मासोळीनं खाल्ली बे!" त्यानं मान वळवली नाही. तो दोरीवर झुकून टकटक करत होता. मला त्याच्या ओठांची हालचाल दिसायला लागली, एवढा जवळ आला. तेव्हा बाचं बोट पाठीला लागलं.

मी हाक मारली. चांगली मारली. तशी मला आधी कधी आली नव्हती आणि नंतर कधी आली नाही. "तुळसाच्या बा होऽऽ, भात निवून रायला जीऽऽ."

सुकराम वळला. नुसती मान नाही, अख्खा माणूस वळला, आवाजाच्या दिशेनं, आणि त्याचं तोंड मी बघितलं. तो रागावलेला नव्हता. त्याला बरं वाटलं होतं. दिवसभर राबलेल्या माणसाला जेवायची हाक आली की जसं बरं वाटतं तसं. त्याच्या हातातली दोरी त्याच्याबरोबर ओढली गेली, बैल वाट सोडून तिरपे झाले, चाक बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या मातीच्या बांधावर, चढलं आणि छकडा उलटला. एक बैल खाली आला आणि त्याच्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज एवढ्या गलक्यात मला ऐकू आला. सुकराम चाकाखाली. मालगुजाराची जोडी झेंडी ओलांडून गेली.

लोक नाचायला लागले. मी वाट बघत होतो की कोणीतरी त्याला उचलेल, पण आधी हसून झालं. "बायकोकडं निंगाला होता गा सुकराम, रस्ता चुकला!" "अबे, पोटभर जेवू द्या त्याले!" टोप्या उडत होत्या. बाचा हात माझ्या डोक्यावर होता. तेवढ्यात समोरच्या दोराखालून एक पोरगी निघाली. फाटकं लुगडं कमरेला गुंडाळलेलं, केस विस्कटलेले. ती वाट ओलांडून पळत आली. तिचा बाप वाटेतच पडलेला होता, ती त्याच्या बाजूनं गेली, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ आमच्या मोहाच्या झाडापाशी आली आणि दोराला धरून एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागली. मागं उभ्या असलेल्या माणसांच्या पायांमधून वाकून बघितलं. मग म्हणाली, "माय कोठी हाय?"

पोरं हसायला लागली. एकानं माझ्याकडे बोट केलं. "हे पाय, हे तुही माय." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या तोंडात गुलगुला होता. दुसरा म्हणाला, "दाखव बे, करून दाखव तिले." बानं बोट लावलं नव्हतं. बा मालगुजाराच्या मंडपाकडे बघत होता. मला कोणी मारणार नव्हतं, कोणी गूळ देणार नव्हतं. मी गुलगुला गिळला आणि तिच्या तोंडापुढे, हातभर अंतरावरून, ती हाक पुन्हा मारली. 'जी' वर नेला आणि खाली सोडला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, ओठ कसे हलतात ते. नऊ वर्षांचा होतो मी. पंच म्हणतील लेकरू. मी म्हणतो, मला समजत होतं.

पल्याडची माणसं काठ्या घेऊन पंचांपुढे आली. पंचांतला म्हातारा म्हणाला, "मोठा माणूस बोंबलला असन तं दाखवा. लेकराच्या तोंडाले दंड नाई, हे तुमालेबी मालूम हाय. तुमचे टुरे का आज भजन करत होते?" त्यांनाही खाली बघावं लागलं, कारण त्यांचीही रांग पलीकडच्या दोराला बसलेली होती. पाय मोडलेला बैल तिथंच संपवला. सुकरामला खाटेवर घालून नेलं. मालगुजारानं बाच्या डोक्याला लाल फेटा बांधला, आणि बा मला खांद्यावर घेऊन पाळीवरून नाचत घरी आला. मागं डफ होता. दिवस बुडत होता आणि पलीकडे पाण्याच्या काठाला त्या सांजेला कोणीच नव्हतं.

माय दारात उभी होती. तिनं फेट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. बा अंगणात लोकांना गोष्ट सांगत बसला, तीच तीच, दर वेळी सुकरामचं वळणं करून दाखवत. भात झाला. रोज माय दारातून हाक मारायची, "आवा गा, जेवाले." त्या दिवशी आतून ताटलीवर पळी आपटल्याचा आवाज आला, तीन वेळा. बा म्हणाला, "तोंडाले का झालं तुह्या?" तिनं ताटं मांडली. त्यानं मारलं तरी बोलली नाही. त्यानंतर ती मरेपर्यंत तिनं आम्हाला कोणाला जेवायला हाक मारली नाही.

मी आणखी तीन पट बसलो. सुकराम नव्हता, पण दुसरे होते, त्यांच्याही घरात काही ना काही दुखत होतंच आणि बा ते शोधून आणायचा. मग माझा आवाज फुटला. एका सांजेला ढोलीमागं घोगरा आवाज निघाला तेव्हा बानं दोन-तीन वेळा पुन्हा मारायला लावली आणि मग मला सोडून आत निघून गेला. पुढच्या पटाला त्यानं शेजारचा सहा वर्षांचा टुरा खांद्यावर घेतला. मी मागून चालत गेलो, गुलगुल्यांचं गाठोडं माझ्याजवळ होतं. लाल फेटा त्या टुऱ्याच्या डोक्यावर होता. दोन सालांनी बा तापानं गेला. शेवटच्या दिवशी त्याचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलायचे. काय म्हणत होता ते मला कळलं नाही, आणि मी कान जवळ नेला नाही.

मी अठरा-एकोणीसचा असताना सुकराम आमच्या दारात आला. डावा पाय गुडघ्यापासून वाकडा, काठी टेकत तलावाला वळसा घालून आला होता. मायनं पाणी दिलं, पिढं दिलं. तो बसला नाही. मी गोठ्यात होतो, तिथूनच ऐकत होतो. तो म्हणाला, "बाई, पंच म्हणाले होते का लेकराच्या तोंडाले दंड नाई. आता तं तो लेकरू नाई ना?"

माय म्हणाली, "का पायजे तुमाले, भाऊ? त्याचा बाप तं गेला."

"मले काई नाई पायजे. माही पोरगी देऊन रायलो. तिचं तोंड पाहून जन्म काढू दे त्याले."

मायनं पदर तोंडात धरला. मी गोठ्यातून बाहेर आलो नाही. पोरीला कोणी विचारलं नाही, त्या काळी विचारत नसत, आणि विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती ते मला जन्मभरात विचारता आलं नाही. माझ्यावर दंड लावायला सुकरामनं पोटची पोरगी वापरली. मला तो तेव्हा न्यायाचा माणूस वाटला होता. आज वाटतं, बाचं बोट माझ्या पाठीला लागत होतं, सुकरामचं तिच्या.

तुळसा घरात आली त्या दुपारी मायनं पळी आपटली. नवी नवरी ओसरीत बसली होती. तिनं ताटलीकडे बघितलं, मायकडे बघितलं. पुढं खूप सालांनी, मोठा मुलगा पोटात असताना, ती एकदाच बोलली. "सासूबाईनं पळी वाजवली ना, तवा मले समजलं. का या घरात एका माणसाले तरी लाज हाय. म्हणून रायली." एवढंच. तो पट, ते मोहाचं झाड, गुलगुला, यातलं काही तिच्या तोंडून कधी निघालं नाही. चार लेकरं झाली, दोन जगली. ती माझ्याशी वाईट वागली नाही. वेळेवर वाढलं, तापात उशाशी बसली, वावरात माझ्याबरोबर चिखल तुडवला. फक्त लांबून कधी आवाज दिला नाही. बाजारात मी पुढं निघून गेलो तर ती धापा टाकत मागून पळत यायची आणि माझ्या बंडीला धरायची, पण हाक मारायची नाही. आणि तिच्या लेकरांना तिनं पटाला जाऊ दिलं नाही. मुलगा मोठा होऊन तिच्या हाताबाहेर गेला तेव्हाचं वेगळं.

माघात ती खाटेला लागली. अन्न सुटलं, नुसतं पाणी. एका दुपारी सून चुलीपाशी होती, मी खाटेजवळ बसलो होतो. तुळसा म्हणाली, "अवो, माह्या मायचा आवाज कसा होता?"

मी म्हटलं, "मले का मालूम?"

"तुमालेच मालूम हाय. दुसरं कोणी रायलं नाई आता." ती दम घेत घेत बोलत होती. "तिचे हात आठवतात. बांगड्या आठवतात. आवाज नाई आठवत. आठवाले गेली का तुमचाच येते. त्या दिसाचा. साठ-सत्तर सालं झाले, दुसरा येतच नाई." मग म्हणाली, "एकदा मारून द्या ना जी ती हाक."

मी सुनेला बाहेर पाठवलं. दार लोटलं. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो, घसा साफ केला आणि मारली. माझ्या तोंडातून बाचा आवाज निघाला. जाडा, फाटका, दोराला छाती लावून ओरडणारा, तस्साच. मीच दचकलो. ती डोळे मिटून ऐकत होती. "नाई," म्हणाली. "टुरा मारे तसी मारा." मी बारीक आवाज काढायला गेलो. 'जी' वर नेताना खोकला आला. पुन्हा मारली. पुन्हा बाच निघाला.

"राहू द्या," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तेराव्याला पाहुणे उठून गेल्यावर सुनेनं पळी वाजवली, दोन वेळा. मी ओसरीत बसून होतो. तिसरी वाजेल म्हणून थांबलो. मग सूनबाई ताट घेऊन बाहेरच आली आणि माझ्यापुढे ठेवून गेली. भात निवून गेला होता.